‘मोबाईल बंद कर’ हा कायदा कुठला?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर २८ ऑगस्ट २०२४ रोजी जे घडले ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. दोनच दिवसांपूर्वी तिथला शिवपुतळा कोसळला होता. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, त्याचे अनावरण होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. पाहणीला आलेले आदित्य ठाकरे आणि त्यांचे लोक एका बाजूला, खासदार नारायण राणे आणि त्यांचे लोक दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत पोलीस. राणे त्या वेळी पोलीस अधिकाऱ्यांसमोर ज्या भाषेत बोलले, ती वाहिन्यांच्या आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यांत जशीच्या तशी उतरली आणि संध्याकाळपर्यंत घराघरांत ऐकली गेली. उद्या कुणी म्हणाले असते की पोलिसांनीच आगळीक केली, तर ते चित्रण पोलिसांच्याच कामी आले असते.

त्याआधी जुलै २०१९ मध्ये कणकवलीत गड नदीच्या पुलावर महामार्गाच्या उपअभियंत्यावर चिखल ओतला गेला, त्याला पुलाला बांधले गेले. तेव्हाचे आमदार नितेश राणे आणि त्यांचे कार्यकर्ते समोर होते. हे चित्रणही मोबाईलवरचे. त्याच दिवशी गुन्हा नोंदला गेला, अटकही झाली. चित्रण नसते तर ‘किरकोळ बाचाबाची’ यापलीकडे त्या प्रसंगाची नोंद झाली असती, असे आम्हांला वाटत नाही.

म्हणजे सरकारी माणसाच्या अंगावर कुणी धावून गेले की मोबाईलचे चित्रण हा उत्तम पुरावा. यात कुणाला काही गैर दिसत नाही, आणि दिसूही नये. तोच मोबाईल सरकारी माणसाच्या हातातल्या काठीकडे वळला की मात्र हुकूम सुटतो: ‘ए, मोबाईल बंद कर.’ पुढचा हुकूम ‘डिलीट कर’. आणि त्याच्याही पुढे, फोन साहेबांच्या खिशात आणि फोनवाला ठाण्याच्या बाकड्यावर ‘सायबा, माझो फोन दी’ म्हणत बसलेला.

हा हुकूम कोणत्या कायद्याचा? सार्वजनिक जागी पोलीस आपले काम करीत असताना त्यांचे चित्रण करू नये, असे सांगणारे सर्वसाधारण कलम या देशात नाही. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात माहिती मिळवणे आणि ती इतरांपर्यंत पोचवणे येते, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. कलम नाही म्हणून मग कलम शोधावे लागते, आणि ते शोधण्यात आपली यंत्रणा भलतीच कल्पक आहे.

वर्ध्याचे उदाहरण घ्या. २०१८ मध्ये शेजाऱ्याशी झालेल्या तंट्याची चर्चा ठाण्यात चालू असताना एका गृहस्थाने ती मोबाईलवर टिपली. त्याच्यावर गुन्हा कोणता लागावा? शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. इंग्रजांनी हेरांसाठी केलेला हा कायदा. तोफखाने, दारूगोळ्याची कोठारे, लष्करी तळ यांच्या आसपास नकाशे काढत फिरणाऱ्यांसाठी. तो शेजाऱ्याच्या भांडणाला लावला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्यायमूर्ती मनीष पितळे आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मेनेझेस यांनी, जुलै २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. या कायद्यात ‘निषिद्ध स्थळ’ कशाला म्हणायचे याची पूर्ण व्याख्या आहे आणि तीत पोलीस ठाणे बसत नाही, इतके सरळ कारण.

निकाल लागला, छापून आला, वकिलांनी वाचला. पोलिसांनी वाचला का? नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीत दोघा भावांनी ठाण्यात अधिकाऱ्याशी झालेले बोलणे ध्वनिमुद्रित केले, त्यांच्यावरही हाच गुपिते कायदा लागला. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाला पुन्हा तेच सांगावे लागले की ठाणे हे निषिद्ध स्थळ नव्हे. दोन खंडपीठे, दोन निकाल, एकच वाक्य. तिसऱ्या ठाण्यात ते वाक्य पोचले असेल याची खात्री देणारा फलक आम्ही तरी कुठे पाहिलेला नाही.

गुपिते कायदा जड वाटला तर जुन्या दंड संहितेचे ‘तीनशे त्रेपन्न’ आहेच. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली आणि त्या कलमाचा आकडा १३२ झाला, तरी महाराष्ट्रात धमकी अजून जुन्याच आकड्याने दिली जाते. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, असा तो गुन्हा आहे. दहा हात अंतरावर उभे राहून मोबाईल धरणे म्हणजे हल्ला नव्हे आणि बळाचा वापर तर नव्हेच, हे सांगायला वकील लागू नये. पण लागतो. मध्यंतरी महाराष्ट्राने या कलमाची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढवली होती, तेव्हा नुसत्या आकड्यानेच माणसे मोबाईल खिशात घालीत. नव्या संहितेत ती पुन्हा दोन वर्षांवर आली, हे फारसे कुणाला ठाऊक नाही.

वर्ध्याच्या माणसाला न्याय मिळायला चार वर्षे लागली. मालवणच्या माणसाला पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागली असती. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आला, तेवढा घाट कमी झाला. तरी एका चित्रणासाठी वकील, अर्ज, तारखा आणि कोल्हापूरच्या एसटीचे हेलपाटे कुणी घालायचे? रांपण ओढणाऱ्याने, की रिक्षा चालवणाऱ्याने? उच्च न्यायालयात सिद्ध होणारा आणि नाक्यावर न टिकणारा अधिकार हा श्रीमंताचा अधिकार.

तक्रार करायची तर जायचे कुठे, हाही प्रश्नच. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत जिल्ह्याऐवजी महसुली विभाग धरला. कोकण विभागाचे मुख्यालय नवी मुंबईत, आणि त्याच्या हद्दीत पालघरपासून दोडामार्गपर्यंत सगळे. ओरोसला जिल्हाधिकारी आहेत, पोलीस अधीक्षक आहेत, जिल्हा न्यायालय आहे. पोलिसाविरुद्धची तक्रार ऐकायला मात्र स्वतंत्र कुणी नाही.

पोलिसांच्या बळाचा प्रश्न सिंधुदुर्गाला लांबचा वाटतो, कारण हा जिल्हा शांत. इथल्या माणसाचा खाकीशी संबंध येतो तो तपासणी नाक्यावर, जत्रेच्या बंदोबस्तात, निवडणुकीत. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये हा प्रश्न स्वतःहून आंबोलीत येऊन थडकला. सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत चोरीच्या संशयावरून आणलेला एक तरुण मारहाणीत मेला. ठाण्याने काय नोंद केली? तो आणि त्याचा साथीदार, दोघे पळून गेले. प्रत्यक्षात त्याचा मृतदेह गाडीत घालून सांगलीहून आंबोलीच्या घाटात आणला आणि जाळला. उपनिरीक्षकासह पोलीस अटकेत गेले, तपास सीआयडीकडे गेला. ज्याला ‘पळून गेला’ म्हटले होते तो साथीदारच पुढे महत्त्वाचा साक्षीदार ठरला. तेव्हा सावंतवाडीचे आमदार, सिंधुदुर्गाचे पालकमंत्री आणि राज्याचे ग्रामीण गृह राज्यमंत्री एकच होते, दीपक केसरकर. प्रेत त्यांच्याच मतदारसंघात आणून जाळले होते.

‘पळून गेला’ ही नोंद नवी नव्हती. २००३ मध्ये घाटकोपर स्फोटातल्या एका संशयिताबद्दलही मुंबई पोलिसांनी हेच सांगितले होते, आणि तो पुन्हा कधी कुणाला दिसला नाही. कोठडीत नागरिकाचा मोबाईल पोचत नाही. तिथे साक्षीदार असतो तो भिंतीवरचा कॅमेरा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच, वडाळा रेल्वे पोलिसांच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात, राज्यातल्या ठाण्यांत सीसीटीव्ही लावायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात ते देशभर लागू केले: दार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, कुठलाही कोपरा सुटता कामा नये; आवाजासकट चित्रण; अंधारातही दिसेल असा कॅमेरा; साठवण दीड वर्षाची, ते जमलेच नाही तर किमान एक वर्षाची. शिवाय ठाण्याच्या दारात स्थानिक भाषेत मोठा फलक, की इथे चित्रण चालू आहे आणि मानवी हक्कांचा भंग झाला तर कुठे तक्रार करायची. मालवण, आचरा, निवती, देवगड, बांदा, ज्याला जे ठाणे जवळचे त्याने हा मराठी फलक दारात आहे का ते जाऊन पाहावे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची दखल पुन्हा स्वतःहून घ्यावी लागली, यावरून काय ते समजावे.

तमिळनाडूतल्या सातानकुलममध्ये जून २०२० मध्ये मोबाईलचे दुकान चालवणारे बाप-लेक पोलिसांच्या मारहाणीनंतर मेले. चौकशीला गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना काय आढळले? कॅमेरे होते, साठवणीला जागाही भरपूर होती, पण रोजचे चित्रण रोज आपोआप पुसले जाईल अशी व्यवस्था करून ठेवलेली. यंत्र ज्याच्या ताब्यात, त्याच्याविरुद्ध ते यंत्र किती बोलणार? म्हणून रस्त्यावरचा, दुसऱ्याच्या हातातला कॅमेरा लागतो.

तो काय करू शकतो हे महाराष्ट्राने १ सप्टेंबर २०२३ ला पाहिले. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. दगडफेक झाली, पोलीसही जखमी झाले, हे खरे. पण बायाबापड्यांवर पडणाऱ्या काठ्या गावकऱ्यांच्या मोबाईलवर होत्या. दोन दिवसांत पोलीस अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले आणि चौथ्या दिवशी गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. या राज्यात लाठीमारासाठी गृहमंत्र्याने इतक्या लवकर माफी मागितल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला चटकन आठवत नाही.

आणि आपल्या उंबऱ्यावरचे बारसू. राजापूरच्या त्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले, बायका गाड्यांपुढे आडव्या पडल्या, २८ तारखेला अश्रुधुराची नळकांडी फुटली. लाठीमार झालाच नाही, असे उद्योगमंत्री उदय सामंत म्हणाले. झाला, असे आंदोलक म्हणाले. गावकऱ्यांच्या मोबाईलमधली झटापट, धूर आणि पळापळ मात्र राज्यभर फिरली. रिफायनरी हवी की नको, यावर कोकणात दोन मते आहेत आणि असोत. त्या दिवशी सड्यावर काय झाले याबद्दल दोन मते असण्याचे कारण नव्हते.

अमेरिकेत मिनियापोलिसच्या पोलिसांनी २५ मे २०२० ला काढलेल्या पहिल्या पत्रकात लिहिले होते की अटकेदरम्यान एका इसमाला वैद्यकीय त्रास झाला आणि तो मरण पावला. मानेवर गुडघा होता, हे पत्रकात नव्हते. ते पदपथावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या फोनमध्ये होते.

पोलिसांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. पहिले अर्धे भांडण कापून फक्त काठीच दाखवणारे तुकडे फिरतात. शिव्या देणाऱ्याचे तोंड गाळून शिव्या खाणाऱ्याचा संयम सुटल्याचा क्षण तेवढा ठेवला जातो. सणावाराला सोळा तास उभा असलेला शिपाई कुणाच्या तरी रीलचा विषय होतो. यावर उपाय चित्रण बंद करणे हा नव्हे, आपलेही चित्रण असणे हा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण पोलिसांवर बंधनकारक केले आहे, आणि ते शक्यतो मोबाईलवरच करावे असे कायदाच म्हणतो. म्हणजे ज्या पंचनाम्यात पोलिसाने मोबाईल काढलाच पाहिजे, तिथे घरमालकाने काढला की तो गुन्हेगार? अंगावरचे कॅमेरे द्या, चालू ठेवा, तुकड्याला अख्ख्या चित्रणाने उत्तर द्या.

शासनाला स्वतःला चित्रणाचे वावडे नाही. मालवण-देवगडचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे परप्रांतीय हायस्पीड ट्रॉलर आणि रात्रीच्या एलईडी नौकांचे चित्रण करून मत्स्यव्यवसाय खात्याला दाखवत आले. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी समुद्रात रात्री शहर वसल्यासारखा उजेड; मग पुरावा म्हणून फोन. जानेवारी २०२५ पासून तर खात्याने किनाऱ्यावर ड्रोनच उडवले आहेत. होडीवरून ट्रॉलर टिपला तर जागरूक मच्छीमार, आणि जेटीवरून शिपाई टिपला तर सरकारी कामात अडथळा, हा हिशेब काही जुळत नाही.

चित्रण करणाऱ्यालाही मर्यादा आहेत आणि त्या पाळाव्यात. अत्याचारपीडित स्त्री, अल्पवयीन मूल यांची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे; तिथे कॅमेरा खाली. पोलिसांनी आखलेली हद्द ओलांडू नये, दोघांच्या मध्ये घुसू नये, कारण मग अडथळ्याचे कलम खरेच लागू शकते. घेतलेले चित्रण कापू नये, त्यावर गाणे चढवू नये. आणि मूळ फोन विकू नये. जालन्याच्याच एका निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला ठरलेले प्रमाणपत्र हवेच, पण मूळ उपकरण मालकाने स्वतः हजर केले तर त्याची गरज नाही. व्हॉट्सॲपवर दहा हातांतून फिरलेली प्रत न्यायालयात लंगडी पडते. मूळ फोन जपून ठेवलेला बरा.

आता ‘डिलीट कर’ म्हणणाऱ्याबद्दल. पुरावा म्हणून फोन जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना आहे, पण त्याची रीतसर नोंद करून, दंडाधिकाऱ्याला कळवून. पुसायला लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. न्यायालयात पुरावा म्हणून येऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा न्याय संहितेच्या कलम २४१ खालचा गुन्हा आहे, आणि त्यात खाकीला सवलत लिहिलेली नाही.

हे सगळे कायदे इकडून तिकडून जोडून अधिकार उभा करावा लागतो, हेच मुळी दुखणे. केरळने ते एका वाक्यात संपवले. केरळ पोलीस अधिनियम, २०११ च्या ३३ व्या कलमात सरळ म्हटले आहे की पोलिसांच्या कारवाईचे कायदेशीर रीतीने दृक् किंवा ध्वनी चित्रण करण्यापासून कोणत्याही नागरिकाला कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने रोखू नये. जागा सार्वजनिक असो वा खासगी. केरळचे पोलीस त्यामुळे दुबळे झाले, असे कुणी म्हणत नाही. आमचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. त्यात दुरुस्त्या झाल्या, नावही बदलले, पण हे वाक्य आलेले नाही.

ते आणायला आयोग नको, समिती नको. सोबत दोन ओळी आणखी जोडता येतील: फोन घेतला तर जागेवर पावती द्यावी, आणि पुसायला लावणाऱ्यावर विभागीय चौकशी अनिवार्य असावी. आंबोली पोटात घेऊन बसलेल्या या जिल्ह्यानेच ही मागणी पहिल्यांदा करावी. सिंधुदुर्गाचे विधानसभेत तीन आमदार आहेत. त्यांतले सावंतवाडीचे दीपक केसरकर गृह खाते आतून पाहून आलेले. कुडाळ-मालवणचे नीलेश राणे सत्ताधारी बाकावर. दोघांनाही अशासकीय विधेयक मांडता येते. तिसरे, कणकवलीचे नितेश राणे यांना तीही तसदी नको. किनाऱ्यावरच्या ड्रोनचे खाते त्यांच्याकडेच आहे आणि ते मंत्रिमंडळातच बसतात.